व्हॅलोरंट (ऑनलाइन शूटिंग गेम): पिस्तूल राउंड हरल्यावर खरेदी कशी करायची?

कोपरा_धरून: टीम पाच जणांची. पहिला म्हणजे पिस्तूल राउंड गेला की दोघे स्पेक्टर (सबमशीन गन) घेतात, तिघे सेव्ह करतात, म्हणजे पैसे राखतात. तिसऱ्या राउंडला पाचही व्हँडल (रायफली) कधीच जमत नाहीत. चुकतंय कुठे?

हाफबाय_नको: अर्धवट खरेदीतच. पहिल्या हारीला 1900 क्रेडिट (गेममधले पैसे) मिळतात, लागोपाठ दुसऱ्या हारीला 2400, पुढे 2900. दुसऱ्या राउंडला हात आवरला तर 1900 + 2400 = 4300. व्हँडल 2900, हेवी शील्ड (चिलखत) 1000, उरलेल्या 400 मध्ये एखादा स्मोक (धूर) किंवा फ्लॅश (डोळे दिपवणारा). एकट्या स्पेक्टरलाच 1600 जातात, मग कसं जमणार?

स्पाइकवाला: पण सेव्ह म्हणजे लपून बसणं नव्हे. अटॅकवर स्पाइक (बॉम्ब) न लावता जिवंत राहून हरलात तर 2400 ऐवजी 1000च मिळतात. साधी क्लासिक (फुकटची पिस्तूल) वाचवण्यात काय अर्थ? घुसा, जमल्यास कुणाची तरी बंदूक उचला. प्रत्येक किलचे 200 वेगळे.

कोपरा_धरून: आणि राउंडमध्ये हिशेब कोण ठेवणार?

हाफबाय_नको: खरेदीच्या स्क्रीनवर पुढच्या राउंडचे किमान पैसे दिसतात. आकडा 3900 खाली जात असेल तर थांबा. खरेदीचा निर्णय एकानेच घ्यायचा, बाकीच्यांनी तेव्हा वाद घालायचा नाही.