गाईड निवडताना सायटेशन्स (पेपरांना मिळालेले दाखले) किती बघायची? (बॅटरी मटेरियल, पीएचडी)

निपाणीची_केमिस्ट्री:
बेळगावात एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. पीएचडी बॅटरी मटेरियलमध्येच करायची, हे पक्कं. दोन गाईड डोळ्यासमोर आहेत. एका सरांचं नाव 'जगातील आघाडीच्या २ टक्के शास्त्रज्ञांत' म्हणून पेपरात फोटोसकट आलं होतं, एच-इंडेक्स ५० च्या वर. दुसऱ्या मॅडम तरुण आहेत, त्यांचा १८. बाबा म्हणतात मोठ्या नावाकडं जा. मामा उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत, ते म्हणतात, वरची चकाकी बघून कास्टिंग पास करत नाहीत, कापून आत ब्लोहोल (पोकळी) हाय काय बघतात. कुणाचं ऐकू?

शहापूरचा_पोस्टडॉक:
मामांचं ऐक. मी कॅथोडवर (बॅटरीच्या धन बाजूच्या मटेरियलवर) पीएचडी केली, अजून त्याच धंद्यात आहे.

आधी ती २ टक्क्यांची यादी. सगळे तिला 'स्टॅनफर्डची' म्हणतात. तिथल्या जॉन इओॲनिडिस यांचा गट स्कोपस या पेपर-सायटेशन्सच्या डेटाबेसचा डेटा घेऊन ती दरवर्षी काढतो. फायली दोन असतात, एक अख्ख्या कारकिर्दीची आणि एक फक्त एका वर्षाची. यातली कुठली, ते पेपरवाले कधी छापत नाहीत. फाइल फुकट उतरवता येते की. सरांचं नाव कुठल्या फायलीत आहे बघ, आणि स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन्स वगळल्यावर क्रमांक कुठं जातो तेही बघ. त्याचा वेगळा रकाना आहे.

एच-इंडेक्स हर्श या फिजिक्सवाल्यानं २००५ मध्ये काढला. ५० म्हणजे निदान ५० सायटेशन्स मिळालेले ५० पेपर. हा आकडा कमी कधीच होत नाही, माणूस रिटायर झाला तरी वाढतो. त्यामुळं तरुण मॅडमचा १८ आणि साठीच्या सरांचा ५० शेजारी ठेवून काही कळत नाही.

आता लिथियम बॅटरीवाले शास्त्रज्ञ गुडइनफ यांचं बघ. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा पेपर १९८० चा, ऑक्सफर्डमधला, पहिलं नाव मिझुशिमा. १९९१ मध्ये सोनीनं लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तिचं कॅथोड हेच. पण या पेपरपेक्षा जास्त सायटेशन्स आहेत त्यांच्या २०१० आणि २०१३ च्या रिव्ह्यूंना (आधीच्या कामाचा आढावा घेणाऱ्या पेपरांना). कारण साधं आहे. आपण प्रस्तावनेत 'लिथियम बॅटरी फार महत्त्वाची' असं पहिलं वाक्य लिहितो आणि तिथं एक रिव्ह्यू टाकून मोकळे होतो. (मीही टाकतो, सगळेच टाकतात.) नोबेल मात्र १९८० च्या कामाला मिळालं, २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी. म्हणून सरांच्या प्रोफाइलमध्ये वरचे पाच पेपर उघड आणि त्यातले रिव्ह्यू बाजूला काढ. मग उरतं काय ते बघ.

त्यांचाच दुसरा पेपर, १९९७ चा, लिथियम आयर्न फॉस्फेटवरचा. लेखक पाधी, नंजुंडस्वामी, गुडइनफ. (नंजुंडस्वामी वाचून मला उगाच आपल्याकडचं कुणी भेटल्यासारखं वाटलं होतं.) थिअरीप्रमाणं ग्रॅमला १७० मिलिअँपिअर-तास चार्ज मिळायला हवेत, मिळाले १०० ते ११०, आणि ते त्यांनी सरळ अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये (सुरुवातीच्या सारांशात) लिहिलं. वर हे मटेरियल कमी पॉवरच्या बॅटरीला चांगलं, असंही लिहिलं. पुढं कार्बनचा लेप देऊन कंडक्टिव्हिटी वाढवली ती इतरांनी. आज त्यावर बस धावतात. उणं काय आहे ते पहिल्याच परिच्छेदात सांगणारा गाईड मिळाला तर आकडा बघू नको, जा.

मी आणखी एक बघतो. इलेक्ट्रोडवर मटेरियल किती मिलिग्रॅम, ते लिहिलंय काय? फुल सेल (दोन्ही बाजूंच्या मटेरियलसकट पुरी बॅटरी) केलाय काय, की निकेल फोमवर फिल्म, केओएच या अल्कलीच्या द्रावणात तीन इलेक्ट्रोडची चाचणी आणि शीर्षकात मात्र बॅटरी? असले पेपर भराभर निघतात आणि एकमेकांना सायटेशन्सही भरपूर देतात.

खानापूर_कोल्हापूर_एसटी:
पोस्टडॉक दादांचं पटतंय, पण पोटापाण्याचं बोला. सीएसआयआर-नेटची जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) काढ, महिना ३७,००० आणि भारतात कुठंही चालते. कर्नाटकची के-सेट काय, महाराष्ट्राची सेट काय, दोन्ही नोकरीच्या पात्रतेपुरत्या, फेलोशिप नाही. आणि युनिव्हर्सिटी बदलायची तर मायग्रेशन सर्टिफिकेट आत्ताच मागून ठेव, नंतर पळापळ होते.

लॅबमध्ये ग्लोव्हबॉक्स (हवा न लागता सेल जोडायची आरगॉन भरलेली बंद पेटी) आहे काय असं विचारू नको. चालू आहे काय असं विचार. आरगॉन सिलिंडर संपलं की आमच्यातली अर्धी पोरं कँटीनला असतात.

गोकाकचा_गोपाळ:
मोठ्या नावाला एवढं पण नावं ठेवू नका. बाहेर पोस्टडॉकला (पीएचडीनंतरच्या संशोधनाला) अर्ज करताना सरांचं पत्र कामाला येतं, मॅडमना अजून कोण ओळखतंय?

शहापूरचा_पोस्टडॉक:
गोपाळ, येतं कामाला, मान्य. पण माझ्या मुलाखतीत पत्राबद्दल एक प्रश्न आला नाही. पहिलं नाव माझं असलेला पेपर उघडून आकृती तीनवरच बसले होते, ग्राफमधला पीक का सरकला म्हणून. तेव्हा दोघांच्याही विद्यार्थ्यांची नावं पेपरांत पहिली येतात काय, आणि ती पोरं आता कुठं आहेत, हे शोध.

निपाणीची_केमिस्ट्री:
फाइल उतरवली. सर एका वर्षाच्या यादीत आहेत, कारकिर्दीच्या नाहीत. वरच्या पाचांत तीन रिव्ह्यू. मॅडमच्या दोन पेपरांत फुल सेल आहे, पहिलं नाव विद्यार्थिनीचं. ग्लोव्हबॉक्सचं फोनवर विचारू की जाऊन?

खानापूर_कोल्हापूर_एसटी:
जाऊनच. आणि मॅडमना नाही, पोरांना विचार.