पेट्रिकॉर, सॉन्डर, ओव्हरमॉरो: यांतले खरे इंग्रजी शब्द कोणते?

शब्दपेटी:
नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर रोज एक अनवट इंग्रजी शब्द लिहायचा आहे. हाती आलेल्या यादीत पेट्रिकॉर, सॉन्डर, ओव्हरमॉरो, डीफेनेस्ट्रेशन, एस्क्विव्हेलियन्स आणि पेनल्टिमट आहेत. अर्थ दिलेले आहेत, पण शब्द खरा आहे का, आज चालतो का, याचा पत्ता लागत नाही. मुलांनी निबंधात वापरला तर अंगाशी येईल असा यात कोणता? आणि असा शब्द पारखायचा कसा?

कोशवाचक:
एस्क्विव्हेलियन्स आधी पुसा. 'न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी'च्या २००१च्या आवृत्तीत तो मुद्दाम पेरला होता. कोशातला मजकूर कुणी जसाच्या तसा उचलला तर पकडता यावा, यासाठी संपादकांनी लावलेला तो सापळा. 'जबाबदारी जाणूनबुजून टाळणे' हा अर्थही रचलेलाच. २००५ मध्ये बिंग फुटलं, तरी याद्यांमधून तो फिरतोच आहे.

सॉन्डर हा जॉन केनिग यांनी २०१२ मध्ये घडवलेला शब्द. समोरून जाणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाचं आयुष्य आपल्याइतकंच गुंतागुंतीचं आहे, याची अचानक होणारी जाणीव म्हणजे सॉन्डर. शब्द सुंदर आहे, पण परीक्षेच्या निबंधात नको.

ओव्हरमॉरो म्हणजे येणारा परवा. शब्द अस्सल आणि जुना, १५३५च्या कव्हरडेल बायबलमध्ये आहे, पण आज बोलण्यातून गेलेला. गेलेल्या परवासाठी 'एअरयेस्टरडे' होता, तोही गेला. आपण एकाच 'परवा'वर दोन्हीकडे भागवतो, इंग्रजीकडे दोन शब्द होते आणि आता एकही चालत नाही!

मृद्गंध:
पेट्रिकॉर बिनधास्त लिहा, पण नेमका. ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी १९६४ मध्ये 'नेचर'मधल्या लेखात तो बनवला. ग्रीकमध्ये पेट्रा म्हणजे खडक आणि इकॉर म्हणजे देवांच्या नसांतून वाहणारा द्रव. त्यांच्या लेखी पेट्रिकॉर म्हणजे कोरड्या हवेत माती-खडकांत साठणारं तेल. आज मात्र कोरड्या जमिनीवर पाऊस पडल्यावर येणाऱ्या वासालाच तो लावतात. आपला 'मृद्गंध' त्याच्या अगदी जवळचा. कनौजला भाजलेल्या मातीचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवून मिट्टी अत्तर करतात, तोही हाच वास.

मुलं तीन ठिकाणी चुकतात. 'सी-एच' पाहून 'पेट्रिचोर' म्हणतात. तिथे उच्चार 'क', आणि जोर पहिल्या 'पे'वर. 'स्मेल ऑफ पेट्रिकॉर' लिहितात. शब्दातच वास आहे, त्यामुळे द्विरुक्ती होते. आणि श्रावणातल्या झडीला पेट्रिकॉर म्हणतात. जमीन आधीच भिजलेली असेल तर तो वास कुठून येणार?

खिडकी:
डीफेनेस्ट्रेशनही खरा शब्द, अर्थ कुणाला तरी खिडकीतून बाहेर फेकणं. लॅटिन फेनेस्ट्रा म्हणजे खिडकी. २३ मे १६१८ रोजी प्रागच्या किल्ल्याच्या खिडकीतून दोन राजप्रतिनिधी आणि त्यांचा चिटणीस यांना खाली फेकलं. तिघेही वाचले, पण त्यातून तीस वर्षांचं युद्ध पेटलं. लक्षात ठेवा, कुणीतरी फेकावं लागतं. तोल जाऊन पडणं यात बसत नाही. हल्ली एखाद्याला पदावरून तडकाफडकी हटवणं, या अर्थानेही वापरतात.

शब्दपेटी:
आभार. पण पारखायचं कसं? कोशात सापडला की पुरे का?

कोशवाचक:
एका कोशात सापडला म्हणून पुरे नाही. वेबस्टरच्या १९३४च्या मोठ्या कोशात 'डॉर्ड' म्हणजे घनता, अशी नोंद छापली गेली. मूळ चिठ्ठीवर 'डी ऑर डी' होतं. घनतेचं संक्षिप्त रूप मोठ्या किंवा छोट्या 'डी'ने लिहितात, एवढाच त्याचा अर्थ. अक्षरं जोडून वाचली गेली आणि शब्द जन्मला. १९३९ मध्ये ती चूक ध्यानात आली.

म्हणून वेगवेगळ्या प्रकाशकांचे निदान दोन कोश पाहा. मग शब्दापुढची खूण वाचा. मेरियम-वेबस्टरमध्ये 'ऑब्सोलीट' म्हणजे १७५५ नंतर वापराचा पुरावा नाही. 'आर्केइक' म्हणजे आज तुरळक किंवा खास संदर्भातच दिसणारा. दोन्ही फळ्यावर चालतील, निबंधात नाहीत. शेवटी कोशातलं उदाहरण-वाक्य वाचा. बहुतेक चुका अर्थात नसतात, शब्द कशासोबत येतो त्यात असतात.

उपान्त्य:
माझ्या मते फळ्यावर पहिला मान पेनल्टिमटला द्यावा, कारण तो रोजच्या इंग्रजीत येतो आणि सर्रास चुकतो. 'सर्वांत शेवटचा' किंवा 'सर्वोत्तम' समजून लिहितात. लॅटिन पेने म्हणजे जवळजवळ, म्हणून अर्थ शेवटून दुसरा. मुलांना शुद्धलेखनातून सांगा: 'गरीब'मधलं 'री' हे उपान्त्य अक्षर, तेच पेनल्टिमट. जोर 'नल्'वर.

त्याच्यामागोमाग दिसायला सोपे पण फसवे शब्द घ्या. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख आणि नजरचूकही. वाक्य पाहिल्याशिवाय ठरत नाही. 'मूट' ब्रिटनमध्ये वादाचा मुद्दा, अमेरिकेत बहुधा आता अर्थ न उरलेला. 'टेबल करणे' म्हणजे ब्रिटिश इंग्रजीत चर्चेला मांडणे, अमेरिकेत बाजूला ठेवणे. आपल्या संसदेत कागदपत्रं टेबल होतात ती ब्रिटिश अर्थाने.

फळ्यावर शब्दाखाली चार ओळी पुरतात: मूळ, जोर कुठे, एक बरोबर वाक्य आणि एक चुकीचं वाक्य, काट मारून. चौथी ओळ गाळू नका.