मुलाखतीपेक्षा काम करून बघा

कामावर नवा माणूस ठेवायचा म्हटलं की बरेच जण 'घाईत माणूस घेऊ नका' सांगतात, ते पटतंच. पण खरी गोची मुलाखतीत होते. गप्पा रंगल्या की माणूस आवडतो आणि कामाचं विचारायचं राहूनच जातं. त्यापेक्षा रोजच्या कामातला एक तुकडा हातात द्या. अकाउंटंट हवाय? मुद्दाम दोन चुका पेरलेली बिलं बँक स्टेटमेंटशी जुळवायला सांगा. (त्या वेळेचे पैसे द्या, फुकट राबवू नका.) सगळ्या उमेदवारांना तेच काम, तेच प्रश्न, नाहीतर तुलना कशाशी करणार? जुन्या मालकाला, उमेदवाराला सांगूनच, फोन करा आणि 'कसा होता?'ऐवजी 'पुन्हा घ्याल का?' विचारा. नात्यातलाच कुणी घेणार असाल तर पगार, सुट्ट्या, नोटीस पीरियड आधी कागदावर आणा.