भुकेल्याला कोशरचे चोचले कशाला?

घाटी_जर्सीकर: ब्रुकलिनमध्ये एका बाईने फुकट मिळालेला जेवणाचा डबा परत केला, कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे केलेला, नाही म्हणून. इथल्या एका पोस्टवर तिचं कौतुक चाललंय. भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा ही म्हण विसरलात का सगळे?

अलिबागवाली: दादा, मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, म्हण आमच्याही घरची. पण चतुर्थीला तुमच्या आईपुढे फुकटचा मटणरस्सा ठेवला तर ती खाईल? बोलण्याआधी हिशोब बघा. फूड स्टॅम्पची, म्हणजे सरकारी अन्नमदतीच्या कार्डाची, रक्कम घरातली माणसं आणि मिळकत बघून ठरते. कोशर चिकन दामदुप्पट असलं म्हणून छदाम वाढत नाही. त्या कार्डावर गरम जेवणही सहसा मिळत नाही. मग माणूस मॅस्बिया या फुकट जेवण देणाऱ्या संस्थेकडे जातो. २००५ पासून ब्रुकलिनमध्ये कोशर जेवण वाढतात ते, ज्यू असो नसो.

घाटी_जर्सीकर: मग डाळभात खा की! त्याला कुठे कोशरचा शिक्का लागतो?

अलिबागवाली: कच्च्या डाळ-तांदळाला नाही लागत. पण शिजवलं कुठल्या भांड्यात? काल त्यात डुक्कर शिजलं असेल तर? आणि वाटपाच्या पिशवीत निम्मं बिनशिक्क्याचं डबाबंद सूप नि चीज असतं, त्याचं काय करू?

क्वीन्सकर: शिक्क्याचं कौतुक पुरे. पेसाहला, म्हणजे वल्हांडणाच्या सणाला, एका संस्थेचं खोकं आलं. मात्झा (बिनखमिराची रोटी), बटाटे, गाजरं. तांदळाचा दाणा नाही! युरोपातले अश्केनाझी ज्यू या सणाला तांदूळ खात नाहीत, म्हणून आम्ही बेने इस्रायलींनीही खायचा नाही? माझी आजी तांदूळ निवडून निवडून घ्यायची, पण पेसाहला भात व्हायचाच.

अलिबागवाली: फुकटच्या खोक्यात तांदूळ नाही म्हणून रडताय? घाटीदादा परवडले.

क्वीन्सकर: रडत नाहीये. इस्रायलात लग्न करायला आपल्या लोकांकडे आजी-पणजी ज्यू असल्याचे पुरावे मागायचे, ते १९६४ मध्ये धरणं धरून बंद पाडावं लागलं. तेव्हाही आपल्यातलेच म्हणत होते, गप्प बसा.

अलिबागवाली: खोक्यावरून थेट धरण्यावर! तुमच्या घरी खोकं येतं तरी. माझ्या आत्याला एका वाटप केंद्रात सगळ्यांसमोर विचारलं, "इंडियन दिसता, ज्यू कशा?" ती परत गेली नाही, तांदूळ असो की नसो.

घाटी_जर्सीकर: बरं बाई, डबा परत करणारी शहाणी, मी अडाणी. भांड्याचा मुद्दा पटला, जा. पण तांदळावरून तुम्हीच एकमेकांच्या झिंज्या उपटताय, मला का शिव्या?

क्वीन्सकर: धागा तुम्ही काढलात म्हणून. आणि अलिबागवाली, आत्याचं वाईट झालं. तांदळाचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही.