मदत हवी आहे: सकाळी दिवाडी-चोडण सायकलने आणि दुपारनंतर सेरेंडिपिटी, एका दिवसात जमेल का?

नमस्कार मंडळी,

नोकरीमुळे सध्या मुक्काम पणजीत आहे. डिसेंबरच्या मध्यावर सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो आणि नेमकी तेव्हाच आमच्याकडे कामाची धांदल असते. त्यामुळे हातात सुट्टीचा एकच दिवस आहे, बुधवार. त्यात मिरजेहून आतेभाऊ सायकल घेऊन येतोय. त्याला मांडवीतली दिवाडी आणि चोडण ही बेटं फिरायची आहेत, मला महोत्सव चुकवायचा नाही. दोन्ही साधायचं म्हणून हा बेत केला आहे.

पणजीहून कॉजवेवरून रायबंदर, पुढे जुने गोवे. तिथून फेरीबोटीने दिवाडी. पियेदादच्या टेकडीवरचं चर्च आणि कोटीतीर्थाची तळी बघून बेटाच्या उत्तर टोकाला दुसरी फेरी, ती उतरवते नार्व्याला. सप्तकोटेश्वराचं दर्शन घ्यायचंच आहे. हे गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत. मूळ देऊळ दिवाडीवर होतं, ते पोर्तुगिजांनी पाडलं. नदीपलीकडच्या आत्ताच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करवला. घरी आईला हे सांगितल्यापासून सायकलला असलेला विरोध मावळला आहे! नार्व्याहून मये, पुलावरून चोडण आणि शेवटी चोडण-रायबंदर फेरीने परत. नकाशावर अंदाजे ४० किलोमीटर भरतं.

प्रश्न असे:

वाट याच दिशेने घ्यावी की उलटी? नार्वे ते मये चढ कितपत आहे? भावाची सायकल बिनगिअरची आहे आणि तो कबूल करणार नाही, पण मलाच ढकलत न्यावी लागेल.

दोन्ही बेटांवर खाजनातल्या (म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतांतल्या) बांधांवरून सायकल नेता येते का? भातं कापून झालेली असतील, म्हणजे बांध कोरडे असावेत असा माझा समज आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, महोत्सवात शिरताना सायकलींचं काय करायचं? जुन्या मेडिकल कॉलेजच्या इमारतीत दालनामागून दालनं असतात, तिथे घाईत फिरण्यात अर्थ नाही. बाहेर सायकल आहे ना, ही धाकधूक डोक्यात ठेवून चित्रं बघवत नाहीत.

जाणकारांनी कृपया सांगावे. आगाऊ आभार.

प्रतिसाद १

दिशा तुम्ही लिहिली आहे तीच ठेवा. नार्व्याच्या फेरीला वर्दळ कमी, एक हुकली तर काठावर बसून राहावं लागतं. ते सकाळी परवडतं, दुपारी नाही. शिवाय बेत कोलमडलाच तर दिवाडीवरून थेट रायबंदरलाही फेरी आहे, तिने अर्ध्यातून परतता येतं.

नार्वे-मये चढउताराचा रस्ता आहे, घाट नव्हे. बिनगिअरवाल्याने सावकाश घ्यावा. मात्र उन्हाच्या आत. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि चोडण ते पणजी तुमचं तोंड पश्चिमेकडेच असणार. फटफटताना निघालात तर बाराच्या आत घरी याल.

फेरीच्या लोखंडी फळीवर सायकलवर बसून चढू-उतरू नका. ती कायम ओली असते, त्यावर चिखल आणि तेलाचा थर. टायर अरुंद असेल तर तिरकं चाक पडताच घसरतं. गाड्या पुढे जाऊ द्या, मग हातात धरून चालत उतरा. साध्या फेरीत माणसाला तिकीट पडत नाही.

प्रतिसाद २

बांधांबद्दल: जे रुंद आहेत आणि ज्यांवरून गावकऱ्यांच्या दुचाक्या जातात तेवढेच धरा. बाकीच्यांची माती ठिसूळ असते, चाकोरी पडली की भरतीचं खारं पाणी तिथूनच शेतात शिरतं. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, फळ्यांवरून तर सायकल अजिबात नको, दार मोडलं तर आख्ख्या खाजनाचं नुकसान. कोणी शेतात दिसलं तर विचारून पुढे जा, गोव्यात त्याला नाही कोणी म्हणत नाही.

चोडणच्या धक्क्यालाच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. उशीर झाला असेल तर ते सरळ सोडा. पक्षी बघायचे तर पहाटेच, अकरा वाजता कांदळवन फक्त हिरवं दिसतं.

सायकली महोत्सवात नेऊच नका. तुम्ही पणजीतच राहता ना? घरी ठेवा, आंघोळ करा, जेवा, तासभर पडा. मग चालत निघा. बरीचशी ठिकाणं मांडवीकाठच्या एकाच रस्त्याच्या आसपास असतात. ती दरवर्षी थोडी बदलतात, तेव्हा यंदाची यादी आदल्या रात्री बघून ठेवा. प्रवेश फुकट असतो, पण ऑनलाइन नावनोंदणी लागते, तीही तेव्हाच उरका. चित्रं आधी, संध्याकाळचं गाणं नंतर. पाय दुखत असले तरी गाणं बसून ऐकता येतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. अभयारण्य कापलं, आंघोळ वाढवली. भावाला फळीचं वाचून दाखवलं तर म्हणाला, "मी तर बसूनच उतरणार." आता एकच राहिलं: दिवाडीवर सकाळी लवकर पाव-भाजी आणि चहा कुठे मिळेल? पियेदादच्या आसपास काही उघडं असतं का?