मदत हवी आहे: वर्गसजावट, घर आणि अर्धवट राहिलेलं लिनोकटचं काम

नमस्कार. मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. शाळा सुरू व्हायला दोन आठवडे उरलेत. वर्ग लावायचा आहे, घरी चार वर्षांचा मुलगा आहे, आणि त्याच्यासाठी सुरू केलेलं लिनोकटचं (लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून कागदावर छापायचं) चित्रपुस्तक सहाव्या पानावर अडकलंय.

वर्गाचं काम मी यंदा मुद्दाम कमी करतेय. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा २०१४ सालचा एक अभ्यास वाचला होता. भिंती खच्चून सजवलेल्या वर्गात लहान मुलांचं लक्ष जास्त उडालं आणि ती कमी शिकली, असं त्यात दिसलं. म्हणून फळ्याची बाजू मोकळी ठेवणार, अक्षरतक्ता आणि वाचनकोपरा तेवढा आधी लावणार. बाकीच्या भिंती मुलांच्याच कामाने हळूहळू भरतील. हे बरोबर वाटतंय ना? पालकांना वर्ग ओकाबोका वाटेल, ही धाकधूक आहेच.

खरी अडचण छपाईची आहे. लिनो कोरणं वीस मिनिटांत थांबवता येतं, पण छापायला शाई काचेवर पसरवली की दोन-तीन तास सलग लागतात. शिवाय तेलाची शाई वाळायला काही दिवस, आणि ओले कागद मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशी जागा घरात नाही. रात्री तो झोपल्यावर बसते, तर सकाळी वर्गात माझाच आवाज चढतो. ते मला अजिबात नको आहे.

पाण्याच्या शाईने बारीक रेषा नीट उठतात का? आणि घरच्यांकडून आठवड्यातली एक दुपार कशी मागून घेतलीत, तेही सांगा.