चेवापीच्या ताटात कॅलरी कुठे असतात: मांसात की पावात?

व्हिएन्नाकर
इथे व्हिएन्नात बोस्नियन-सर्बियन ग्रिलची हॉटेलं भरपूर. वजनावर लक्ष ठेवणारी आपली मंडळी तिथे चेवापी (खिम्याचे भाजलेले छोटे लांबट कबाब) मोजून खातात आणि सोमुन (पाव) मात्र न मोजता संपवतात. मला हे साफ चुकीचं वाटतं.

सारायेव्हो (बोस्नियाची राजधानी) पद्धतीची दहा चेवापी घ्या. एक कच्ची २०-२५ ग्रॅमची, म्हणजे खिमा सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. २० टक्के चरबीच्या बीफ खिम्याला १०० ग्रॅममागे २५० कॅलरी धरल्या तर ५६० झाल्या. निखाऱ्यावर चरबी गळते, म्हणून पोटात जाताना ४५०-५००. अख्खा सोमुन दीडशे ग्रॅमचा असला तर तोच ४०० च्या घरात. वर कायमाक, म्हणजे सायीचा मुरवलेला प्रकार. त्यात निम्म्याच्या आसपास चरबीच, त्यामुळे ५० ग्रॅमच्या गोळ्यात सव्वादोनशेहून जास्त. मांस निम्म्यापेक्षा कमी भरलं! अंदाज पाव आणि कायमाकपासूनच सुरू करायला हवा.

तांबडा_रस्सा
अजिबात पटलं नाही. तुमचा सगळा डोलारा त्या २० टक्क्यांवर उभा आहे. सारायेव्होत बीफ, काही ठिकाणी त्यात मेंढीचं मांस. सर्बियात डुकराचं मांसही मिसळतात, आणि गुर्मान्स्का प्ल्येस्काविट्सात (खिम्याच्या चपट्या मोठ्या पॅटीचा एक प्रकार) तर चीज न् बेकनचे तुकडे खिम्यातच मळलेले. १० टक्के चरबीचा कच्चा खिमा १०० ग्रॅमला १७५ कॅलरी, ३० टक्क्यांचा ३३०. सव्वादोनशे ग्रॅमवर हा फरक साडेतीनशे होतो, जवळजवळ तुमचा अख्खा सोमुन. शिवाय गळालेली चरबी जाते कुठे? कित्येक ठिकाणी पाव मांसावरच दाबून गरम करतात, नाहीतर रश्शात बुडवून शेकतात.

गार्गी_म
दोघांच्या आधी एक गोष्ट. भाजल्यावर मांसाचं वजन पाव हिश्श्याने तरी घटतं, त्यात पाणीच जास्त. ताटातली चेवापी वजन करून ॲपमध्ये ‘कच्चा खिमा’ म्हणून टाकली की आकडा चुकलाच. सर्बियातल्या बऱ्याच मेन्यूकार्डांवर ग्रॅम छापलेले असतात. ते कच्च्याचे की भाजलेल्याचे, हे वेटरला विचारा, लाजू नका.

व्हिएन्नाकर
@तांबडा_रस्सा, पावात चरबी मुरत असेल तर पाव आणखी महाग पडला, माझा मुद्दा पक्का झाला. खिम्यातली चरबी टेबलावर बसून कुणालाच कळत नाही. पाव आणि कायमाक डोळ्यांसमोर असतात, हातात धरून अंदाज येतो. मोजता येतं ते आधी मोजावं. कच्चा कांदा बिनधास्त खा, आयवारमध्ये (भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरचीची चटणी) तेल असतं पण चमचाभराने फार बिघडत नाही.

तांबडा_रस्सा
दिसतं ते मोजलं म्हणजे मोठं ते मोजलं असं नाही. मेशानो मेसोचं (म्हणजे मिश्र मांसाचं) ताट घ्या: चेवापी, प्ल्येस्काविट्सा, सॉसेज, चिकन, सगळं एकावर एक. पाव एखादा तुकडा, कायमाक नाहीच. तिथे तुमची पद्धत काय कामाची?

व्हिएन्नाकर
तिथे मांसच मोजावं लागेल, आणि चरबी जास्तीचीच धरून. पण एकट्याने जेवणारा बहुतेकदा ‘दहा, अख्ख्या सोमुनमध्ये’ मागवतो. त्याला मी हेच सांगेन: चेवापी दहाच खा, सोमुन अर्धा ठेवा, कायमाक वेगळ्या वाटीत मागा.

गार्गी_म
वेगळ्या वाटीचं मी उचललं. चरबीच्या टक्क्यांबाबत मात्र मी तांबडा_रस्सांच्या बाजूची.